आगटी लाकडाची की गॅसची?



२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे मुलाकडे कॅलिफोर्नियात चार महिने राहून आलो. प्रवासवर्णन लिहायचे नाही असे मी तेव्हाच ठरवले होते. गोल्डन गेट पुलासमोरचा आमचा फोटो सगळ्या नातेवाइकांनी पाहिला आहे, आणि त्या पुलाची माहिती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे. पण परवा माझ्या भाच्याचा डेन्व्हरहून फोन आला. "मावशी, आम्ही यंदा आर.व्ही. भाड्याने घेऊन आठ दिवस फिरायला निघतोय. तुम्ही जाऊन आलात ना? मग सांग, रात्री शेकायला प्रोपेनची फायरपिट घेऊ की लाकडंच जाळू? बायको एक म्हणते, मी दुसरं म्हणतो."

मी म्हणाले, "अरे, आमच्याकडे पण हेच झालं होतं!"

फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखे उत्तर नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. ज्यांना आर.व्ही. शी कर्तव्य नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यात आमच्या गावच्या चुलीचाही विषय येणार आहे.

आधी आर.व्ही. म्हणजे काय ते थोडक्यात. चाकांवरचे घर. आत झोपायला पलंग, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, सगळे. दिवसभर गाडी हाकायची आणि संध्याकाळी ठरवलेल्या जागी उभी करायची. प्रत्येकाला आखून दिलेली जागा, एक लाकडी टेबल आणि जमिनीत बसवलेले एक लोखंडी कडे. या कड्यात जाळ करायचा. त्याला ते फायरपिट म्हणतात. मला विचाराल तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: आगटी. हुरडा भाजायला शेताच्या कडेला खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवतात, ती आगटी. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात माझे लहानपण गेले, त्यामुळे तो शब्द माझ्या तोंडात आपोआप येतो. मुलाने पहिल्यांदा फायरपिट म्हटल्यावर मी आगटी म्हणाले, आणि नातीने तो शब्द लगेच उचलला. चार दिवस ती "आगती, आगती" करत होती.

तर भांडण.

मुलगा लाकडाच्या बाजूचा. त्याचे म्हणणे, जंगलात जाऊन गॅस पेटवायचा तर घरीच शेगडीसमोर बसा की! लाकूड तडतडले पाहिजे, ठिणग्या उडाल्या पाहिजेत, कपड्यांना वास लागला पाहिजे. त्याच्या मागच्या अंगणात ओकची एक मोठी फांदी पडलेली होती. तिचे ओंडके करून त्याने दीड वर्ष छपराखाली वाळवले होते. एवढे आयते सरपण असताना विकत कशाला घ्यायचे, हा त्याचा हिशेब. शिवाय ते लोखंडी कडे तिथे असतेच, वेगळे काही न्यायला नको.

सूनबाई गॅसच्या बाजूची. ती भांडत नाही, फक्त एकेक वाक्य बोलते. तिने पहिलेच वाक्य असे टाकले की ओंडके जागच्या जागी राहिले. "घरची लाकडं न्यायची नाहीत, त्यातून किडे जातात."

मला वाटले, वाळवीची भीती असेल. पण प्रकरण मोठे निघाले. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगोच्या बाजूला, ओकची जुनी झाडे वाळायला लागली. २००८ साली त्याचे कारण कळले: पाठीवर सोनेरी ठिपके असलेला एक बारीक भुंगा. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात. हा भुंगा मूळचा तिथला नाही. ॲरिझोनाकडून कुणीतरी आणलेल्या सरपणातून तो आला, असे तिथले तज्ज्ञ मानतात. मिशिगनकडे तर २००२ साली सापडलेल्या आशियातल्या एका हिरव्या भुंग्याने ॲश नावाच्या झाडांची कोट्यवधींनी वाट लावली, आणि तोही सरपणाबरोबर गावोगाव पसरत गेला. भुंगा काही स्वतःहून शेकडो मैल उडत नाही. आपण त्याला गाडीत घालून सहलीला नेतो. म्हणून तिकडे नियमच सांगतात, जिथे जाळायचे तिथलेच लाकूड घ्या. जन्मभर मोळ्या इकडून तिकडे वाहताना पाहिलेल्या मला हे नवीनच होते.

मुलगा गप्प बसला. पण माघार घेतली नाही. "ठीक आहे, तिथेच विकत घेऊ," म्हणाला.

मग सूनबाईने दुसरे वाक्य टाकले. "आणि तिथे बंदी असली तर?"

या बंदीचे आपल्याला नवल वाटते. मे-जूनपासून पाऊस पडेपर्यंत तिकडचे गवत कागदासारखे कोरडे होते. तिकडे पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत. अशा दिवसांत जंगलखाते लाकडाच्या जाळाला मनाई करते. बंद करायची कळ असलेली गॅसची शेगडी आणि गॅसची आगटी मात्र बहुतेक वेळा चालते, कारण कळ फिरवली की जाळ संपला. ठिणगी नाही, निखारा नाही, वाऱ्याने उडणारी राख नाही. (अगदी कडक बंदी असली तर तीही चालत नाही. निघण्यापूर्वी त्या त्या ठिकाणचा नियम पाहायचा. भाच्या, हे तुला सांगते आहे. तुमच्या कोलोरॅडोतही कोरड्या दिवसांत हीच गत असते.)

शेवटी तोडगा निघाला तो आमच्या ह्यांच्यामुळे. हे बँकेतून निवृत्त झाले, पण हिशेबातून नाही. म्हणाले, "गॅसला खर्च किती येतो ते आधी सांगा." सूनबाईने आणलेल्या आगटीच्या खोक्यावर लिहिले होते, ताशी ५८,००० बी.टी.यू. म्हणजे पूर्ण मोठा जाळ ठेवला तर तासाला एवढी उष्णता. एक पौंड प्रोपेन जाळला की साधारण २१,५०० बी.टी.यू. मिळतात. तिकडचे नेहमीचे सिलिंडर २० पौंडांचे, म्हणजे नऊ किलोंचे. आपल्या १४.२ किलोंच्या लाल सिलिंडरपुढे ते अगदी बाळसेदार पोर वाटते. ह्यांनी पाकिटाच्या मागे गुणाकार केला: चार लाख तीस हजार. त्याला अठ्ठावन्न हजारांनी भागले. साडेसात तासांना थोडे कमी. रोज दोन तास, तीन रात्री, सहा तास. "एका सिलिंडरमध्ये भागतंय," म्हणाले, आणि पाकीट खिशात ठेवले. जाळ बारीक ठेवला तर आणखी पुरते ते वेगळेच. लाकडाचे म्हणाल तर दोन तासांच्या शेकोटीला दोन जुड्या लागतात, आणि विकत घेतली तर एक जुडी आठ-दहा डॉलरला पडली. आगटीची किंमत धरली तर पहिल्या सहलीत लाकूड स्वस्त, चार-पाच सहलींनंतर गॅस स्वस्त.

पण खरा प्रश्न पैशाचा नव्हताच, हे मला तेव्हा कळले नव्हते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. पहिल्या दोन रात्री योसेमिटीच्या अलीकडे, ग्रोव्हलँड गावाजवळच्या एका आर.व्ही. पार्कमध्ये. आणि पोचताच फाटकावर पाटी: लाकडाला बंदी, गॅसला परवानगी. सूनबाई काही बोलली नाही. एवढी सभ्य मुलगी विरळाच.

गॅसची आगटी म्हणजे एक लोखंडी परात, तिच्यात कड्यासारखी शेगडी, आणि वर भुसभुशीत काळे दगड. ते दगड लाव्हाचे. मी म्हणाले, "एवढे दगड विकत कशाला घ्यायचे, पलीकडे ओढ्यात पडलेत की!" तर तसे चालत नाही. ओढ्यातल्या दगडाच्या पोटात पाणी शिरलेले असते, तापला की वाफ होऊन तो फुटतो आणि कपचे उडतात. लाव्हाचा दगड जाळीदार, त्याला ते भय नाही.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. आर.व्ही. ला स्वतःची गॅसची टाकी असते, तिच्यावर आतली शेगडी आणि हीटर चालतो. मला वाटले, त्याच टाकीला आगटी जोडून टाकावी. मुलाने सांगितले की गाडीच्या बाहेरच्या तोटीतून येणारा गॅस आधीच दाब कमी केलेला असतो, आणि आमच्या आगटीच्या नळीवर तिचा स्वतःचा रेग्युलेटर होता. दोनदा दाब कमी केला की जाळ रडका होतो. म्हणून सिलिंडर वेगळेच न्यायचे, उभे, तोंड घट्ट बंद करून. आणि पेटवायचे ते गाडीपासून लांब, उघड्यावर. गाडीच्या पडद्याच्या छपराखाली नाही, आत तर मुळीच नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. आणि कोणताही जाळ बंद जागेत विषारी धूर करतो, त्या धुराला वासही नसतो.

"तिकडे प्रोपेनच का, आपल्यासारखा गॅस का नाही?" असे ह्यांनी विचारले. आपल्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास गारठला की त्याचा गॅसच होत नाही, द्रव तसाच बसून राहतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत गॅस होतो. सोलापूरला याची चिंता करायचे कारण नाही!

पेटवली. फक्कन जाळ उभा राहिला. नातवाने टाळ्या पिटल्या. पाच मिनिटे सगळे खूश.

आणि मग, खरे सांगते, मला चुकल्यासारखे वाटायला लागले. जाळ होता, पण तो एकाच चालीने नाचत होता. कुणाला उठून काटकी सरकवायची नाही, फुंकर घालायची नाही, कूस बदललेल्या ओंडक्याकडे बघत "आता बघ कसा पेटतो" म्हणायचे नाही. लाकडाच्या जाळाला आई-बापासारखे लक्ष द्यावे लागते, आणि ते देता देता गप्पा होतात. गॅसच्या जाळाला आपली गरजच नाही. आमच्याकडे तर दहा मिनिटांनी नातवाने मोबाइल काढला. ऊबही वर निघून जाते, निखाऱ्यासारखी पायांपर्यंत येत नाही. बटाटे पुरायला राख नाही. कणीस धरले तर करपते, भाजत नाही. हे हळूच म्हणाले, "कुणाच्या तरी लग्नात स्टेजवरच्या खोट्या समईसमोर बसल्यासारखं वाटतंय." मुलाने ऐकले आणि त्याला जोर आला. "उद्या आत खोऱ्यात जाऊ. तिथे लाकूड चालतं. आई, तू पेटव."

मला आनंद झाला, लपवत नाही. माझ्या हातात असलेले एक कसब अमेरिकेत पहिल्यांदाच कामाला येणार होते.

दुसऱ्या रात्रीनंतर निघालो, आणि योसेमिटीच्या रस्त्यावर 'रिम ऑफ द वर्ल्ड' नावाच्या वळणावर मुलाने गाडी थांबवली. खाली दूरवर टेकड्या, आणि त्यांच्यावर काळ्या काड्या टोचाव्यात तसे उभे जळके बुंधे. मधूनमधून नवीन हिरवे झुडूप. १७ ऑगस्ट २०१३ रोजी इथे आग लागली. या जागेवरूनच तिचे नाव पडले, रिम फायर. सुमारे २ लाख ५७ हजार एकर जळले. म्हणजे हजारावर चौरस किलोमीटर, दीड मुंबईपेक्षा जास्त. योसेमिटीचाही मोठा तुकडा त्यात गेला. सॅन फ्रान्सिस्कोला पाणी पुरवणाऱ्या तलावापर्यंत आग येऊन ठेपली होती. आणि सुरुवात कशाने? एका शिकाऱ्याने बंदी असताना केलेल्या छोट्या शेकोटीने. एक माणूस, एक वेळचे जेवण.

मुलगा त्या बुंध्यांकडे बघत होता, सूनबाई त्याच्याकडे बघत होती. याही वेळी ती काही बोलली नाही.

खोरे किती सुंदर आहे ते मी लिहीत नाही, फोटो पाहा. नियम मात्र लिहिते. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात खोऱ्यातल्या कॅम्पमध्ये लाकडाचा जाळ संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढाच करता येतो. कारण धूर. दोन्ही बाजूंना हजार हजार मीटरांच्या सरळसोट भिंती, मधे चिंचोळी सपाट जागा. संध्याकाळी गार हवा खाली उतरते आणि धुराला वर जायला वाट राहत नाही. आणि एक, खोऱ्यातली पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. मी सवयीने पाइनचे एक बोंड उचलले तर नात ओरडली, "आजी, ठेव ते! दे लिव्ह हिअर!" ती बोंडे इथे राहतात, आपण नाही. बरोबर आहे.

विकतच्या दोन जुड्या आणल्या. पाच वाजता मी पदर खोचला. खाली बारीक ढलप्या, वर बोटाएवढ्या काटक्या उभ्या, त्यांच्यावर आडवे दोन ओंडके, मधून वाऱ्याला वाट. एका काडीत पेटवली! मुलगा बघतच राहिला. शेजारच्या जागेतले एक गोरे आजोबा उठून आले आणि त्यांनी अंगठा दाखवला. लाकूड कोरडे होते, छान तडतडत होते. ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेले बटाटे निखाऱ्यांत पुरले. नातवाने मोबाइल आपण होऊन गाडीत ठेवला. मी हुरड्याच्या गोष्टी सांगायला लागले, गोफणीने पाखरे हाकायची, गरम कणसे हातावर चोळायची... सगळे ऐकत होते. हेच ते, असे वाटले. मुलगा बरोबर होता, असे वाटले.

सात वाजेपर्यंत सगळ्या कॅम्पमध्ये जाळ पेटले. शंभरएक कुटुंबे, प्रत्येकाची एक शेकोटी. झाडांच्या मधे निळसर धुराचा थर छातीएवढ्या उंचीवर तरंगायला लागला. आम्हा मोठ्यांना तो दिसायला सुंदर. नातीच्या छातीची उंची नेमकी तीच.

तिला दमा आहे. २०२० च्या ९ सप्टेंबरला वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे आकाश दिवसभर नारिंगी झाले होते, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि आठवडाभर खिडक्या लावून घरात बसली होती. त्या संध्याकाळी ती खोकायला लागली. आधी थोडे, मग थांबेना. खांदे वर-खाली व्हायला लागले. सूनबाई तिला उचलून आत घेऊन गेली, पंप दिला, खिडक्या लावल्या. मी पाठोपाठ आत गेले. पोर माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, तुझी आगती छान आहे. मी खिडकीतून बघते." आणि परत खोकली.

मी बाहेर येऊन बादलीभर पाणी ओतले. मुलगा म्हणाला, "आई, अगं आपलीच एकटी नाहीये, सगळ्यांच्या पेटल्यात." हो, पण मला विझवता येणारी तेवढीच एक होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. इथे चुलीची गोष्ट येते.

आमच्या गावच्या घरात मातीची चूल होती, शेजारी वैल. आई पहाटे चारला उठून बसायची. पावसाळ्यात जळण ओले, तुराट्या ओल्या. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे. आम्ही भावंडे पाटावर ओळीने बसून तव्यावरून थेट ताटात पडणारी भाकरी खायचो. १९७९ साली सोलापुरात माझ्या बिऱ्हाडी गॅस आला, तेव्हा मी शाळेत शिकवत होते. मी वडिलांना म्हणाले, आईलाही गॅस घेऊ या. वडील म्हणाले, "गॅसवरच्या भाकरीला चव नाही." आणि मी काय केले? मी हसले. कारण मलाही तसेच वाटत होते. मी सुट्टीत माहेरी जायची ती चुलीवरची भाकरी खायलाच. तिच्यासमोर बसून म्हणायची, "आई, या धुराचा वास आला ना, की घरी आल्यासारखं वाटतं." ती पदराने डोळे पुसत हसायची.

पुढे तिला खोकला लागला तो सुटलाच नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "आजी, विडी ओढता का?" तिला एवढे हसू आले की त्या हसण्यानेच ठसका लागला. आयुष्यात विडीला हात न लावलेली बाई. १९८६ साली गेली. शेवटच्या वर्षात तिला गॅस घेऊन दिला होता. तेव्हा ती ओट्यापर्यंत चालतही जाऊ शकत नव्हती.

हे मी आजवर कुणाला लिहून कळवलेले नाही. माझ्या बहिणी हे वाचतील, त्यांना राग आला तर मला फोन करावा.

म्हणून भाच्या, माझे मत गॅसच्या बाजूला आहे. लाकडाची शेकोटी चांगली नाही असे मी म्हणणार नाही, ती फार चांगली आहे. गॅसची आगटी तिच्यापुढे अगदीच निर्जीव. पण लाकडाची मजा घेणारा एक असतो आणि तिचा धूर खाणारा दुसरा असू शकतो, आणि दुसरा बहुधा बोलत नाही. आर.व्ही. च्या कॅम्पमध्ये तुमच्या कड्यापासून शेजाऱ्याची खिडकी पंधरा-वीस पावलांवर असते. तिथे कोण झोपलेय, कुणाचे तान्हे आहे, कुणाला दमा आहे, तुम्हाला काय माहीत? "जंगलात कसलं प्रदूषण" असे म्हणतात, पण जिथे शंभर चुली पेटतात ते जंगल नव्हे, ती वस्ती. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात तर हवा खराब असेल त्या दिवशी घरातल्या फायरप्लेसमध्येही लाकूड जाळायला मनाई असते. घरी नियम पाळणारी माणसे सहलीत तो विसरतात, एवढेच.

मुलगा म्हणतो, प्रोपेन म्हणजे खनिज तेलाचेच भावंड, लाकूड तरी पुन्हा उगवते. हे त्याचे म्हणणे खोटे नाही, आणि माझ्याकडे त्याला पुरते उत्तर नाही. सहा तासांच्या गॅससाठी तिथवर जे डिझेल जाळले त्याचा हिशेब आधी कर, एवढेच मी त्याला म्हणाले.

दुहेरी भिंतीची एक बिनधुराची आगटी मिळते, तीही त्याने मला दाखवली. भिंतीच्या पोकळीतून हवा तापून वर येते, आणि धूर बाहेर पडायच्या आत काठाशीच जळतो. युक्ती छान आहे. आपल्याकडच्या सुधारित चुलींत हाच विचार होता. पण ओले लाकूड घातले की तीही धुमसते, पेटताना आणि विझताना धूर देते, आणि बंदीच्या दिवसांत ती लाकडातच मोजली जाते. तुमच्याकडे दमेकरी नसेल आणि पावसाळी मुलखात जाणार असाल तर तीच घ्यावी.

लाकूडच जाळायचे असेल तर तिथलेच विकत घे, वारा असेल तर पेटवू नकोस, आणि विझवणे नीट शीक. हे शेवटचे फार महत्त्वाचे. त्याच खोऱ्यात पहाटे हे फिरायला बाहेर पडले, तर पलीकडच्या रिकाम्या झालेल्या जागेतल्या कड्यात राख पांढरी दिसत होती. काठीने उकरली तर आत लालभडक! ती मंडळी रात्री दहाला नियमाप्रमाणे जाळ "बंद करून" झोपली होती आणि उजाडायच्या आत गाडी काढून निघूनही गेली होती. ह्यांनी मुलाला उठवले, दोघांनी तीन बादल्या पाणी ओतले. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे, मग हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघायचे. धग लागली तर विझलेली नाही. माझी आई रात्री निखारे राखेत झाकून ठेवायची, सकाळी चूल पेटवायला. पाणी न घालता राखेने झाकलेला विस्तव सकाळपर्यंत जिवंत राहतो, हे तर आपल्याला काडेपेटीच्या आधीपासून ठाऊक आहे!

परतीच्या वाटेवर आणखी एक मुक्काम वाढवला. सिलिंडरमध्ये गॅस शिल्लक होताच, ह्यांचा हिशेब बरोबर निघाला. नातीनेच कळ फिरवली. बटाटे आर.व्ही. च्या ओव्हनमध्ये भाजले, चवीला बरे होते, बरे म्हणजे बरेच. मी हुरड्याची अर्धी राहिलेली गोष्ट पुरी केली. ती माझ्या मांडीला टेकून बसली होती आणि तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता. दम्याच्या पोराजवळ बसलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळेल.

आता येत्या जानेवारीत ही सगळी मंडळी इकडे येणार आहेत. नातीने फोनवर आत्ताच बजावले आहे, खरी आगटी बघायची, गोवऱ्यांची, आणि हुरडा तिच्या हाताने चोळायचा. नाही कशी म्हणू? चुलतदिरांना सांगून ठेवले आहे, आगटी शेताच्या पार पूर्वेच्या बांधाला खणा. त्या दिवसांत वारा कुठून वाहतो ते ते आठवडाभर आधीपासून बघून ठेवणार आहेत, आणि तिची खुर्ची त्याप्रमाणे वरच्या अंगाला मांडायची. कणसे भाजून तिच्यापर्यंत नेऊन द्यायला मी आहेच. सूनबाईला विचारले, चालेल का. ती म्हणाली, "पंप आणते बरोबर."